वळचणीचे पाणी

मराठीत ‘शाकारणे’ हे एक मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कोकणातील गृहस्थ आपले घर शाकारून घेतो, तेव्हा तो घराची दुरुस्ती करतो असे म्हणणे पुरेसे होत नाही, आणि तो घरावर नवे छप्पर घालतो असे म्हणणेही यथार्थ होत नाही. कौले उतरविली जातात; फुटकी बाजूस पडतात, धड असलेली झाडूनपुसून पुन्हा आपल्या जागी बसतात; एखादी कुजलेली रीप जाते, एखादा वासा बदलतो; आणि चार दिवसांनी वर पाहावे तो छप्पर तेच असते आणि तेच नसतेही. जुने राखणे आणि नवे करणे ह्या दोन क्रियांमध्ये आपण सामान्यतः जो विरोध कल्पितो, त्याची ह्या शब्दाला ओळखच नाही. परंतु हा शब्द ज्या भूमीत रूढ झाला, त्या भूमीत छपराचा वैरी मुख्यतः एकच, तो म्हणजे पाऊस. तो ठरलेल्या वेळी येतो आणि वरून खाली येतो. ज्या देशांत वर्षातील चार चार, पाच पाच महिने छपरावर बर्फाचा थर बसून राहतो, तेथे ह्या विषयाला निराळे रूप येते, आणि त्यात गुंतलेला नीतीचा प्रश्नही अधिक उघडा पडतो. तो प्रश्न असा: ज्या वस्तूने आपणांस आश्रय दिला ती बिघडली असता ती सांधून घ्यावी की टाकून देऊन दुसरी करावी? आणि ह्याचा निर्णय करताना मनुष्य कोणाकोणास उत्तरदायी असतो?

कित्येकांस असे वाटेल की, हा प्रश्न सुताराचा आणि सावकाराचा आहे. तत्त्वचिंतकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही. खर्च किती, आयुष्य किती, हा हिशेब मांडला म्हणजे उत्तर आपोआप हाती येते. वरवर पाहता हे खरे आहे. पण हिशेब मांडण्यापूर्वी खर्चाच्या रकान्यात काय धरावयाचे आणि कोणाचा धरावयाचा हे ठरवावे लागते, आणि ते ठरविणे गणिताचे काम नव्हे. घरमालकाचे पैसे तेवढे मोजावयाचे, की भाडेकऱ्याची थंडीही मोजावयाची? स्वतःची दहा वर्षे मोजावयाची, की पुढे त्या घरात राहावयास येणाऱ्या अपरिचिताची वीस वर्षेही मोजावयाची? बर्फाळलेल्या पाख्यावर जो मजूर चढणार त्याच्या जिवाचा धोका कोणाच्या खात्यावर टाकावयाचा? हे प्रश्न एकदा मनात आले म्हणजे छपराचा विचार हा केवळ लाकडाकौलांचा विचार राहत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेतील मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन, कॅनडातील ओंटारिओ आणि क्वेबेक ह्या प्रदेशांत आज अनेक मराठी कुटुंबे नांदत आहेत. तेथील गृहस्थाला कौलांऐवजी डांबरी शिंगलांचे उतरते छप्पर मिळते, आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत उतरू शकतो. अशा थंडीत बर्फ वितळण्याचा संभव नाही, म्हणून छत गळण्याचाही संभव नाही, असे नवख्याला वाटते. परंतु भर हिवाळ्यात, बाहेर सर्व गोठलेले असताना, घरातल्या भिंतीवरून पाणी ओघळू लागते. ह्याचे कारण मोठे विलक्षण आहे. घर उबदार ठेवण्यासाठी आत जी उष्णता निर्माण केलेली असते, ती दिव्यांच्या छिद्रांतून, धुराड्याच्या भोवतालच्या फटीतून, माळ्यावर जाण्याच्या झडपेतून हळूहळू वर निसटते आणि माळा तापवते. माळा तापला की छपराचा मधला भाग तापतो, आणि त्यावरील बर्फाचा तळचा थर वितळू लागतो; वरचा बर्फ तर रजईप्रमाणे ही ऊब धरून ठेवण्यास साहाय्यच करतो. वितळलेले पाणी उताराने वळचणीकडे येते. पण वळचण भिंतीच्या बाहेर आलेली असते. तिच्याखाली उबदार खोली नसते, केवळ बोचरी हवा असते. तेथे ते पाणी पुन्हा गोठते. दिवसेंदिवस ह्या गोठण्याने वळचणीशी बर्फाचा बांध तयार होतो, मागून येणारे पाणी त्या बांधाशी तुंबते, आणि तुंबलेले पाणी शिंगलांच्या खालून उलटे वर चढून फळ्यांत, वाशांत आणि भिंतीत शिरते.

‘वळचणीचे पाणी आढ्यास नेणे’ ही आपल्याकडे अशक्य किंवा सृष्टिक्रमाविरुद्ध गोष्टीसाठी योजावयाची म्हण आहे. बर्फाच्या देशात हे अशक्य दर वर्षी घडते. तेथे वळचणीचे पाणी खरोखरच आढ्याच्या दिशेने चालू लागते. आणि ते तसे चालू लागते ह्याचे मूळ आकाशात नसते, तर घरातल्या चुलीपाशी असते. वळचणीला लोंबणाऱ्या ज्या स्फटिकासारख्या बर्फाच्या कांड्या पाहून प्रवासी मोहित होतो, त्या पुष्कळदा घरातील ऊब वाया जात असल्याची खूण असतात. ज्याच्या छपरावर बर्फ सारखा पसरलेला, कोरडा आणि स्वस्थ बसून आहे, त्याचे घर सामान्यतः निरोगी समजावे. ज्याच्या छपरावर मधेच काळे डाग पडून कडेला झुंबरे लटकत आहेत, त्याने आत शोध करावा.

आपल्या प्राचीन वाङ्मयात छपराचा दृष्टांत नाही असे नाही. धम्मपदात असंयत चित्ताची तुलना नीट न शाकारलेल्या घराशी केलेली आहे. जसा त्यात पाऊस शिरतो, तसा अशा चित्तात राग शिरतो, असा तो आशय आहे. पावसाच्या देशातील उपदेशकाला हाच दृष्टांत सुचणे स्वाभाविक होय. त्यात संकट बाहेरून येते आणि आत्मरक्षण म्हणजे बाहेरच्यास अटकाव करणे. पण हिमप्रदेशातील छपराचा अनुभव ह्या दृष्टांताला एक पुरवणी जोडतो. कित्येक संकटे बाहेरून आलेली दिसतात, परंतु बाहेरच्या पदार्थाला आपणच आतून गती दिलेली असते. बर्फ छपरावर पडला, हा त्याचा अपराध नव्हे. तो पडून राहिला असता आणि वसंतात आपल्या वेळेने उतरून गेला असता. त्याला अवेळी वितळविले ते आपल्या निसटत्या उबेने. व्यक्तीच्या, कुटुंबाच्या आणि राष्ट्राच्या जीवनातही अशा विपत्ती पुष्कळ असतात. जेथे आपण परक्याच्या आक्रमणाची तक्रार करतो, तेथे आपल्याच घरातील एखादी दुर्लक्षित फट त्या आक्रमणाला वाट करून देत असते. ही फट उणेपणाची असतेच असे नाही. ऊब ही काही वाईट वस्तू नव्हे. ती सद्गुणच आहे. पण आवरण नसलेला सद्गुणही आपले आणि आपल्या आश्रयाचे नुकसान करू शकतो.

आता अशा गळत्या छपराचा मालक काय करतो ते पाहण्यासारखे आहे. कोणी कुऱ्हाड किंवा हातोडा घेऊन बर्फाचा बांध फोडतो. त्याने बांध फुटतो, आणि थंडीने ठिसूळ झालेल्या शिंगलाही फुटतात. कोणी लांब दांड्याच्या फावड्याने खाली उभा राहून वळचणीजवळचा बर्फ ओढून काढतो. हा उपाय शहाणपणाचा, परंतु तेवढ्यापुरताच. कोणी संतापून जुने छप्पर काढून टाकतो आणि मोठा खर्च करून सर्व नवे घालतो. हा तिसरा मनुष्य लोकांना कर्तव्यदक्ष वाटतो, कारण त्याने पैशाकडे पाहिले नाही. पण माळ्यातील फटी तशाच राहिल्या, उष्णतारोधक थर तसाच अपुरा राहिला, वळचणीतून आत येऊन आढ्यातून बाहेर पडणारी थंड हवा खेळती झाली नाही, तर पुढच्या हिवाळ्यात नव्या छपरावर तोच बांध बसेल. फार तर नव्या छपराखाली वळचणीपासून भिंतीच्या आत निदान चोवीस इंचांपर्यंत जलरोधक पट्टा घालावा, असा जो नियम तेथील बांधकामसंहितेत आढळतो, त्यामुळे पाणी आत शिरण्यास काहीसा प्रतिबंध होईल. बांध मात्र होतच राहील. म्हणजे ज्याला आपण आमूलाग्र पालट समजलो ती केवळ महागडी डागडुजी होती. उलट ज्याने छपराला हातही न लावता माळ्यावर जाऊन फटी बुजविल्या, त्याने लोकांच्या दृष्टीस न पडणारे, पण खरे काम केले.

ह्यावरून पहिला निष्कर्ष निघतो तो हा की, दुरुस्ती आणि पालट ह्यांतील भेद कामाच्या आकारावरून ठरत नाही. तो कारणाला हात घातला की नाही ह्यावरून ठरतो. एका खिळ्याने मूळ कारण दूर झाले तर तो खिळा म्हणजे पालट होय. आणि सर्व छप्पर उतरवूनही कारण राहिले तर तो नुसता मुलामा. समाजसुधारणेच्या वादात हा भेद ध्यानात ठेवला असता पुष्कळ शब्दयुद्धे टळली असती. ‘हळूहळू’ आणि ‘एकदम’ ह्या दोन पक्षांत आपण माणसांची वाटणी करतो. पण हळूहळू करणारा जर मुळाशी पोचत असेल आणि एकदम करणारा पृष्ठावरच थांबत असेल, तर ह्या नावांना अर्थ काय उरला?

परंतु ह्याच न्यायाने केवळ डागडुजीची तरफदारी करणेही चुकीचे होईल. दुरुस्तीचाही एक अप्रामाणिक प्रकार आहे. जुन्या झिजलेल्या शिंगलांवरच नव्या शिंगलांचा थर ठोकून देण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत फार दिवस चालत आली. ती स्वस्त आहे, जलद आहे, आणि जुना राडारोडा उतरवावा लागत नाही. पण त्यामुळे खालच्या फळ्या कुजल्या आहेत की नाहीत हे पाहण्याची संधीच नाहीशी होते, आणि प्रत्येक थराबरोबर वाशांवरचे ओझे वाढते. त्यावर बर्फाचे ओझे ते निराळेच. म्हणून तेथील संहितेने मर्यादा घातली आहे की, छपरावर दोन थर आधीच असतील तर तिसरा चढवू नये. सर्व उतरवून फळ्यांपर्यंत जावे आणि मग नवे घालावे. ह्या नियमात मला एक गंभीर नीतितत्त्व दिसते. झाकणे हे काही मर्यादेपर्यंत क्षम्य आहे. मनुष्याला प्रत्येक वेळी सर्व काही उघडे करून पाहण्याचे सामर्थ्य नसते. पण झाकण्यावर झाकणे चढत गेले म्हणजे एक वेळ अशी येते की, उघडून पाहिल्यावाचून पुढे जाण्याचा अधिकारच राहत नाही. ज्या संस्थेत, ज्या कुळात, ज्या मैत्रीत असे तीन तीन थर चढलेले आहेत, तेथे चौथ्या थराने शोभा वाढत असेल, पण वासे वाकत असतात.

येथे काळवेळेचाही विचार केला पाहिजे, कारण नीतीचे पुष्कळसे अवघडपण काळवेळेत असते. डांबरी शिंगलांच्या पाठीवर एक चिकट पट्टी असते. सूर्याच्या उष्णतेने ती मऊ होऊन खालच्या शिंगलेस घट्ट धरते. कडाक्याच्या थंडीत ती धरत नाही, आणि शिंगलाही वाकविताना तडकते. म्हणून माघ-पौषात छप्पर उघडून नवे करणे हे साधारणपणे अविचाराचे ठरते. अशा वेळी ताडपत्री ताणून बांधावी, पाणी शिरते तेथे तात्पुरती जोड द्यावी आणि वसंताची वाट पाहावी, हाच शहाण्या कारागिराचा सल्ला. म्हणजे जे अन्य ऋतूंत पळवाट ठरले असते, ते ह्या ऋतूत कर्तव्य ठरते. तात्पुरत्या उपायाला हिणविणारे कडवे तत्त्वनिष्ठ लोक ही गोष्ट विसरतात. परंतु तात्पुरत्या उपायाचीही एक प्रतिज्ञा असते. ताडपत्री बांधणाऱ्याने जणू शब्द दिलेला असतो की, ऋतू पालटताच मी परत येईन. वसंत आला, पाणी थांबले, गळतीचा विसर पडला आणि ताडपत्री तशीच फडफडत राहिली, की त्या क्षणी तात्पुरते असत्य होते. आपल्या आयुष्यातील बहुतेक खोटेपणा असाच जन्मास येतो. आरंभी कोणी फसवीत नसतो. संकटाच्या वेळी केलेली सोय संकट टळल्यावरही तशीच ठेवली जाते, एवढेच.

आता तत्त्वज्ञांचा जो आवडता प्रश्न, त्याकडे वळू. सर्व अवयव क्रमाक्रमाने बदलले तर वस्तू तीच राहते काय? मिलिंदपञ्हात नागसेन भिक्षू यवन राजा मिलिंदाला विचारतो की, रथ म्हणजे चाक की आस की जू; आणि ह्यांपैकी कोणताही एक अवयव रथ नव्हे, व त्यांच्यावेगळाही रथ नाही, असे राजाच्याच तोंडून वदवितो. जपानातील इसे येथील महामंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर पूर्णपणे नवे बांधले जाते. ही प्रथा सातव्या शतकाच्या अखेरीपासून, मधल्या काही खंडांसह, चालत आलेली आहे, आणि 2013 साली बासष्टावे नवीकरण झाले. तेथे आजच्या मंदिरात जुन्या मंदिराची एक तुळई नसली तरी भाविकांच्या मनात ते प्राचीनच असते. ह्याचे रहस्य असे की, तेथे लाकूड जपलेले नाही, लाकूड घडविणारा हात जपलेला आहे. वीस वर्षांची मुदतही ह्या दृष्टीने मार्मिक वाटते. आज जो शिकाऊ आहे तो पुढील खेपेस कारागीर असतो आणि त्यापुढील खेपेस गुरू. तेव्हा वस्तूचे ऐक्य कशात आहे ह्या प्रश्नाला निदान घरांच्या बाबतीत एक व्यवहार्य उत्तर देता येते. जोपर्यंत ते कसे करावे हे जाणणारी आणि ते करण्याचे ओझे उचलणारी माणसे आहेत, तोपर्यंत ते घर तेच आहे.

ह्याच जपानात, गिफू प्रांतातील शिराकावा-गो खोऱ्यात, फार मोठ्या हिमवर्षावाचा प्रदेश आहे. तेथील जुन्या घरांची छपरे गवताची, अतिशय उभ्या उताराची असतात. नमस्कारासाठी जोडलेल्या दोन हातांसारखी दिसतात म्हणून त्यांस ‘गाश्शो’ धाटणीची घरे म्हणतात. 1995 साली शेजारच्या गोकायामा भागासह ही गावे जागतिक वारशाच्या यादीत आली. ह्या छपरांचे आयुष्य सुमारे तीस ते चाळीस वर्षांचे. एवढे प्रचंड छप्पर एका कुटुंबाने नवे करणे अशक्य. म्हणून तेथे ‘युई’ नावाची परस्परसाहाय्याची प्रथा रूढ झाली. शेकडो माणसे एकत्र जमतात आणि एक-दोन दिवसांत जुने गवत उतरवून नवे चढवितात. आज ज्याच्या घरावर गाव चढला, त्याने उद्या दुसऱ्याच्या घरावर चढावयाचे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ह्या घरांच्या मध्यभागी उघडी शेगडी असते. तिचा धूर गवतातून वर झिरपतो आणि कीड व कुज ह्यांपासून छपराचे रक्षण करतो. घरात कोणी राहीनासे झाले, चूल विझली, की छप्पर लवकर जाते. मिनेसोटातील घरात आतली ऊब छपराचा घात करते आणि शिराकावातील घरात आतला धूर छपराला तारतो. दोन्हींत एकच सत्य आहे: छप्पर हे घराच्या वरचे काही वेगळे आवरण नसून आतल्या जीवनाचाच वरचा शेवट आहे.

युईचा विचार करताना असे ध्यानात येते की, ज्या ऋणाची फेड तीस वर्षांनी व्हावयाची, ते ऋण एका मनुष्याचे असूच शकत नाही. आज ज्या वृद्धाने शेजाऱ्याच्या पाख्यावर गवत बांधले, त्याच्या घराची पाळी येईपर्यंत तो कदाचित नसेल. फेड त्याच्या मुलाला मिळेल, आणि ती करणाराही कदाचित दुसऱ्याचा मुलगाच असेल. आपल्याकडे ऋणत्रयाची जी कल्पना आहे, तीत देव, ऋषी आणि पितर ह्यांचे ऋण सांगितले आहे. शेजाऱ्याचे ऋण पितरांच्या ऋणाइतके दीर्घ असू शकते हे ह्या गवताच्या छपरांवरून शिकावे.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल की, हे सर्व गावगाड्याचे गोडवे झाले. अशा समाजात मनुष्याला मदत मिळते खरी, पण नकार देण्याची मोकळीक नसते. जो गावाशी वेगळा वागला त्याच्या छपरावर कोण चढेल? त्यापेक्षा पैसे देऊन काम करून घ्यावे आणि कोणाचे उपकार डोक्यावर ठेवू नयेत, ह्यात अधिक स्वातंत्र्य नाही काय? हा आक्षेप पोकळ नाही. बहिष्काराचे शस्त्र किती क्रूर असते हे आपल्या गावगाड्याचा इतिहास ज्याने वाचला त्याला सांगावयास नको. पाणवठ्यावरून ज्यांना हाकलले त्यांच्या घरांवर गाव कधी चढला होता? शिवाय शिराकावातही तरुण माणसे शेती सोडून गेल्यावर बरेचसे काम मोबदला घेणाऱ्या कारागिरांकडे आणि शासकीय साहाय्याकडे गेलेले आहे. तेव्हा युईचे पुनरुज्जीवन हे उत्तर नव्हे. परंतु कराराने युईची जागा घेतली म्हणजे युईमागील कर्तव्ये नाहीशी होतात असेही नव्हे. करारात दोन पक्ष असतात, आणि पैसे चुकते झाले की दोघेही मोकळे होतात. छपराचे परिणाम मात्र त्या दोघांपुरते थांबत नाहीत. करारावर ज्यांची सही नाही असे निदान तीन जण त्या छपराखाली, त्या छपरापाठी किंवा त्या छपरावर उभे असतात.

पहिला भाडेकरी. पुष्कळ ठिकाणी घर तापविण्याचा खर्च भाडेकऱ्याने सोसावयाचा आणि छपराचा व माळ्याचा खर्च मालकाने, अशी वाटणी असते. माळ्यावर उष्णतारोधक थर घालण्याचा अधिकार मालकाचा. तो न घातल्याची शिक्षा भाडेकऱ्याला. ज्याला दुःख आहे त्याला अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याला दुःख नाही, अशा व्यवस्थेत कोणी दुष्ट नसतानाही अन्याय चालू राहतो. दुसरा घर विकत घेणारा. छतावर पडलेला ओलीचा पिवळा डाग एका दिवसात रंगाने झाकता येतो. विकणारा म्हणेल की, मी खोटे बोललो नाही. मला कोणी विचारले नाही. पण रंगाचा ब्रश फिरविणे हे बोलणेच आहे. मौन आणि असत्य ह्यांमध्ये जी सीमा आपण कल्पितो ती अशा वेळी रंगाच्या थराइतकीच पातळ असते. तिसरा, आणि सर्वांत विसरला जाणारा, छपरावर चढणारा मजूर. अमेरिकेत छपराचे काम हे सर्वाधिक प्राणघातक व्यवसायांत गणले जाते, आणि ह्या मृत्यूंचे मुख्य कारण वरून पडणे हेच असते. जपानात 2005-06 च्या भीषण हिवाळ्यात हिमवर्षावामुळे 152 माणसे दगावली. त्यांत छपरावरील बर्फ उतरविताना गेलेल्या वृद्धांचा भरणा मोठा होता. त्यांची मुले शहरांत गेलेली, शेजारी तितकेच म्हातारे, आणि बर्फ तर वाट पाहत नाही. युई नाहीशी झाली आणि तिच्या जागी काहीच आले नाही, म्हणजे काय होते ह्याचा हा हिशेब आहे. तेथे छप्पर मोडले नाही. छपराभोवतीचा समाज मोडला होता.

शेवटी एक असा प्रसंग विचारात घेतला पाहिजे की, जेथे ना फट आहे ना निष्काळजीपणा, आणि तरीही छप्पर निरुपयोगी ठरते. लडाखमधील घरांवर सपाट मातीची छपरे असतात. पॉप्लर झाडाच्या तुळया, त्यांवर वाळुंजाच्या काटक्या, त्यांवर गवत आणि माती. दख्खनवरील आपल्या माळवदांशी त्यांचे नाते सहज ध्यानात येते. लेहचा वार्षिक पाऊस सुमारे शंभर मिलिमीटर, म्हणजे नाममात्र. हिवाळ्यातील कोरडा बर्फ फावड्याने लोटून दिला की काम झाले. शेकडो वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेले हे छप्पर. त्यात उणे काही नव्हते. परंतु 2010 सालच्या ऑगस्टमध्ये, पाच आणि सहा तारखांमधील रात्री, लेह परिसरात ढगफुटी होऊन चिखलाचे लोट आले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या आपत्तीनंतर आणि अलीकडील अवेळी पावसांनंतर तेथील पुष्कळ लोक मातीच्या छपरावर पत्र्याचे उतरते छप्पर घालू लागले आहेत. त्यांनी परंपरा सोडली असे म्हणून हळहळणारे प्रवासी पुष्कळ. पण ज्याच्या अंथरुणावर चिखल गळतो त्याला परंपरेचा उपदेश करणे ही रसिकता नव्हे, निर्दयता होय. मातीच्या छपराशी निष्ठा म्हणजे मातीशी निष्ठा नव्हे. ज्या आजोबांनी ते छप्पर घातले, त्यांचा हेतू मुलाबाळांना कोरडे ठेवण्याचा होता. आज पत्रा घालणारा नातू त्या हेतूशीच इमान राखतो.

आणि येथेच मघाचा बर्फाचा बांध पुन्हा, पण फार मोठ्या प्रमाणावर, दृष्टीसमोर येतो. पृथ्वीचे हवामान तापत आहे, आणि ते मुख्यतः मानवी उद्योगांतून निसटलेल्या वायूंमुळे तापत आहे, हे आता शास्त्रज्ञांनी निर्विवाद सिद्ध केले आहे. एका विशिष्ट रात्रीच्या ढगफुटीचे खापर त्यावर सरसकट फोडणे न्याय्य होणार नाही. परंतु एवढे खरे की, पर्वतप्रदेशांतील ऋतुमान ज्या स्थैर्यावर विसंबून छपरे रचली गेली ते स्थैर्य आता राहिलेले नाही. एका घरात आतली ऊब आपल्याच वळचणीवर बांध घालते. येथे काही देशांच्या चुलींची ऊब दुसऱ्याच कोणाच्या छपरावर उतरते. पहिल्या प्रकारात निसर्ग निदान न्यायी असतो, ज्याने फट ठेवली त्याचीच भिंत ओली होते. दुसऱ्या प्रकारात तोही न्याय राहत नाही. लेहच्या गृहस्थाने आपल्या घरी कितीही फटी बुजविल्या तरी त्याच्या छपरावर पडणाऱ्या पावसाचे मूळ त्याच्या हाती नाही. अशा ठिकाणी त्याच्या नव्या पत्र्याचा खर्च हा सर्वस्वी त्याचाच खर्च आहे काय, हा प्रश्न दानधर्माचा नसून देण्याघेण्याचा आहे.

सारांश, छप्पर सांधावे की पालटावे ह्या प्रश्नाला सर्वत्र लागू पडेल असे एक उत्तर नाही. परंतु तो प्रश्न प्रामाणिकपणे विचारण्याची एक रीत आहे. बिघाड कोठे दिसतो हे पाहून थांबू नये, तो कोठून निघाला हे पाहावे. झाकलेले आणखी झाकण्यापूर्वी एकदा तरी फळ्यांपर्यंत उघडावे. संकटात केलेल्या सोयीला मुदत घालावी आणि ती मुदत पाळावी. आणि खर्च मोजताना ज्याची सही नाही त्याचे नावही कागदावर लिहावे. ह्यातले काहीही फार उदात्त नाही. माळ्यावर दिवा घेऊन चढण्याइतके ते साधे आहे. पण अंधाऱ्या, थंड, कोळिष्टकांनी भरलेल्या माळ्यावर चढण्यापेक्षा नवे चकचकीत छप्पर विकत घेणे मनुष्याला नेहमीच सोपे वाटत आले आहे. वळचणीचे पाणी आढ्याकडे जाऊ लागते ते ह्याच आळसामुळे. आणि ते परत आपल्या वाटेने वाहू लागावे अशी ज्याची इच्छा असेल, त्याने आकाशाकडे पाहण्यापूर्वी शिडी शोधावी.